उपाशी ठेवलेल्या चार गाड्या

पुणे, सोमवार
(आमची सुट्टी सोमवारी असते. रविवारी बाकी दुनियेची असते.)

जय सेवा मामा,

पोळ्यापासून रुसून बसलेल्या तुमच्या गुडघ्याले, आणि त्या गुडघ्यावर रुसून बसलेल्या तुमाले, दोघाईलेही पवनचा पाया पडून जोहार. मामीले वेगळा करत नाई, कारण पत्र तीच वाचून दाखवून राह्यली आहे, तिचा तिनं घेऊन टाकावा. कोश्या अन् पाखऱ्या बरे असतील. कोश्याचा खोकला गेला का? पाखऱ्या अजूनही रस्त्याच्या कडेचं हिरवं दिसलं की मान फिरवते का? घरच्या माणसाईची खुशाली बैलाच्या नंतर विचारून राह्यलो ह्याचा राग मानू नका. मी तुमच्याच घरी वाढलो, तिथी हीच रीत आहे.

पत्र काऊन, फोन काऊन नाई, असं तुमी म्हणाल. फोन केला की तुमी तो घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जाता, कारण रेंज तिथीच येते, अन् तिथी अर्धं गाव आधीच रेंज पकडून बसलेलं असते. मंग तुमी स्पीकर चालू करता, कारण तुमचा कान फोनवर विश्वास ठेवत नाई. मागच्या वेळी इथल्या जेवणानं पोट बिघडलं असं मी सहज बोललो, तर पोंभुर्ण्याच्या बाजारात भाजीवालीनं मामीले विचारलं, म्हणे बाई, भाच्याले आता साफ होते का. म्हणून पत्र. (मामी, जिथी मी असा कंस करीन तिथलं मोठ्यानं वाचाचं नाई, मनात वाचाचं. हेसुद्धा.)

तुमचा निरोप मिळाला. गुडघ्यामुळं यंदा तुमी छकड्यावर उभे राहू शकत नाई. संक्रांतीनंतरच्या आपल्या गावच्या शंकरपटात जोडी पळवताना कासरा तू धरतो, का बाजूच्या लोकेशले देऊ, एका शब्दात सांग. एका शब्दात सांगतो मामा: द्या. लोकेश चांगला पोट्टा आहे. गावात राहते, रोज तुमच्या डोळ्यासमोर असते, बैलाले पाणी दाखवते. मी इकडं शर्यतीच्या मोठ्या गाड्यांच्या कामात आहो, अशा गाड्या की त्याच्यापुढं बैलजोडी म्हणजे, जाऊ द्या, खिडकीतून कोश्या ऐकत असन. मले आता बैलाच्या शेपटीमागं उभं राहाची हौस राह्यली नाई. (मामी, त्यानं जोडी जुंपून पाह्यली का? कोश्या चालला का त्याच्या हातानं? मामा त्याच्याकडं पाहून हसले का? पुढच्या फोनवर नुसतं हो किंवा नाई म्हण, मले समजन.)

आता मोठ्या गाड्यांचं काम म्हणजे कसं, ते सांगतो. इथी एक मॉल आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या माळ्यावर आमचं दुकान. दुकानात चार खुर्च्या. एकेका खुर्चीपुढं खरं स्टेअरिंग, खाली खरे पेडल, समोर तीन तीन टीव्ही. गाडी टीव्हीत पळते अन् माणूस खुर्चीत बसते. खुर्ची गदगद हलते. गाडी एक बोट जागची सरकत नाई, तरी उतरल्यावर माणसाचे पाय लटपटतात, अन् एखाद्याले उलटी होते. मी तिथी तांत्रिक विभागात आहो. (उलटी मी पुसतो, मामी. स्टेअरिंगही मीच पुसतो, अन् गिऱ्हाइकाच्या पायात कापडी मोजे मीच चढवतो. तांत्रिक विभागात आमी दोघं आहोत, त्यातला तांत्रिक फैज आहे, मी विभाग.) फैज म्हणजे बल्लारपूरचा, ज्याचे अब्बा मोटारीच्या सीटा शिवतात. त्यानंच मले इथी लावून दिलं.

ह्या खेळात गाडी नुसती चालवाची नसते, आधी लावाची असते. टायरात हवा किती, स्प्रिंग कडक का नरम, मागचा पंख (गाडीले मागं एक पंख असते मामी, कायले असते ते पुढं येईल) किती उभा, ब्रेकचा जोर किती, टाकीत पेट्रोल किती. पडद्यावर ह्या सगळ्याची एकेक पट्टी असते, इकडं सरकवली की कमी, तिकडं सरकवली की जास्त. ह्याले सेटअप म्हणतात. शिकलेसवरलेले लोक ऑफिसातून येतात, शर्टाच्या बाह्या वर करतात अन् अर्धा वेळ पट्ट्याच सरकवतात. एक जण तर गाडी न चालवताच उठून गेला, म्हणे आज सेटअप मस्त झाला. बाकीचे पोट्टे हसतात, मले हसू येत नाई. पटाच्या दिवशी तुमी नुसतं जू बांधाले अख्खी सकाळ घेता, अन् मामी भाकर थंडी करत दारात उभी राहते, ते मी पाह्यलं आहे.

झालं असं की फैजच्या बहिणीचं, सायमाचं लग्न निघालं अन् फैज बल्लारपूरले गेला. त्याच रविवारी एका कंपनीचे लोक दुकानात शर्यत लावाले येणार होते. अद्वैत सर म्हणून आमचे मालक आहेत, सज्जन माणूस, रागावला तरी इंग्रजीत रागावते त्यामुळं आपल्याले लागत नाई. सर म्हणाले, पवन, चारही गाड्या सारख्या लावून ठेवशील ना, फैजनं सांगितलं असेल. फैजनं सांगतलं होतंच. जाता जाता बॅग खांद्यावर टाकून तो म्हणाला होता, "किसी चीज को हात मत लगाना." पण सरचा प्रश्न, गाडी लावशील ना, असा होता. अन् मामा, ह्या प्रश्नाले नाई म्हणणारा माणूस आपल्या घरात अजून जन्माले आला नाई. मी हो म्हटलं. तुमचंच नाव राखलं.

आता मी काय काय केलं ते नीट ऐका, कारण सगळं तुमच्याच हातचं शिकलेलं होतं.

पहिलं पोट. पटाच्या सकाळी तुमी जोडीले पोटभर वैरण टाकत नाई, जड पोटानं बैल पाय उचलत नाई म्हणता. मी पट्टी पाह्यली तर फैजनं टाकी काठोकाठ भरून ठेवलेली. मी म्हटलं, हा पोट्टा शहरातला, ह्याले काय समजते. पट्टी पार तळाले आणली, जीभ ओली होईल इतकंच पेट्रोल ठेवलं. मंग तो मागचा पंख. हवेले आडवा उभा, गाडीले मागं ओढत राहते. छकड्याले तट्ट्या बांधून पटात कोणी उतरते का? आडवा पाडून टाकला. मंग जू. कोश्या उजवीकडं अंग टाकते म्हणून त्याच्या बाजूच्या जुवाले तुमी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळता, ही तुमची गुप्त गोष्ट आहे, ती मी आजवर कोणाले सांगतली नाई. (तू सांगतली मामी, मले माहीत आहे.) ह्या गाडीले बैल दिसत नाई, पण ओढणारं काहीतरी आत असणारच, अन् जे ओढते ते एका बाजूले थोडं आळशी असणारच, असा विचार करून मी उजवीकडच्या स्प्रिंगा कडक केल्या अन् डावीकडच्या टायरात हवा वाढवली.

शेवटी ब्रेक. छकड्याले ब्रेक कुठी असते? सरळ मैदान, ह्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, जोडी सुटली की सुटली. थांबवणं हे वर उभ्या धुरकऱ्याचं कामच नाई. रेषा पार झाली की पुढं माणसं उभे असतात, हात पसरून, दुपट्टे घेऊन, हो हो करत. बैल त्याईले पाहून आपसूक मंदावते, मंग कोणी जू धरते, कोणी वेसण. मले तुमी कासरा शिकवला तेव्हा पलीकडं तुमीच उभे राहात होते, बनियनवर, दोन्ही हात असे लांब करून, जसं काही बैल नाई, कोंबडी पकडाची आहे. ब्रेक नावाची वस्तू मले आजवर कधी लागली नाई. म्हणून ती पट्टीही मी सगळ्यात खाली आणली. उगाच ओझं कायले.

दुपारी दुकान खाली होतं, मी बसून पाह्यलं. मामा, खोटं सांगत नाई, गाडी अशी निघाली की बसल्या जागी पोट मागं राह्यलं. सरळ रस्त्यावर जो वेग दाखवला तो आमच्या दुकानात आजवर कोणाचा झाला नव्हता, पडद्यावर हिरव्या अक्षरात तसं लिहून आलं. रेषा पार झाली अन् मी सवयीनं हात सोडून दिले अन् पाहात राह्यलो, आता कोण धरते. कोणी धरलं नाई. भिंतीनं धरलं. पण रेषेनंतरचं पटात कोण मोजते? मी चारही गाड्या तशाच लावल्या, खुर्च्या पुसल्या अन् समाधानानं डबा खाल्ला.

रविवारी कंपनीचे लोक आले. एक मॅडम होत्या, बाकी सगळे त्याईच्या हाताखालचे, म्हणून कोणी मॅडमच्या पुढं जाईल अशी भीती नव्हती. मॅडम धरून पहिले चौघं बसले, मोजे मी चढवले, दिवे लाल झाले, विझले, अन् चारही गाड्या सुटल्या. काय सुटल्या मामा. सर माह्याकडं पाहून मान हलवून राह्यले होते, वा पवन म्हणून. तेवढ्यात पहिलं वळण आलं.

हे वळणाचं मी विसरलो होतो. म्हणजे वळण असते हे मले माहीत होतं, रोजच दिसते टीव्हीत, पण गाडी लावताना ते आठवलं नाई, कारण आपल्या पटात वळण नसते. चारही गाड्या एका रांगेत, कोणी मागं नाई कोणी पुढं नाई, सरळ भिंतीत गेल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा भिंतीत. पण मजा अशी की गाडीले कोणी नाव ठेवलं नाई. चष्मेवाला एक जण म्हणाला, हा ट्रॅक फार अवघड आहे. दुसरा म्हणाला, आपण घाई करतो, ऑफिसातही आपलं हेच होतं. मंग त्याईची त्याच्यावरच चर्चा चालू झाली अन् मॅडम मान डोलवाले लागल्या. मी मोजे हातात घेऊन उभा. (मामी, मले खरंच वाटलं होतं की हे असंच निभावून जाईल.)

तिसऱ्या वेळी मॅडमनं गाडी बाजारातून पिशवी घेऊन चालल्यासारखी नेली, वळणाच्या खूप आधीपासून पायच काढून घेतला. गाडी तरीही डावीकडं ओढत होती, पाखऱ्याले हिरवं दिसल्यासारखी. पण वळली. त्याईचं पाहून बाकीचेही तसेच हळू चालले. जरा रंगत आली, मागं उभे असलेले टाळ्या वाजवाले लागले, अन् एका झाडीच्या बाजूले मॅडमची गाडी थांबली. मंग तिच्या मागची. मंग उरलेल्या दोन. इंजिनाचे आवाज एकेक करून बंद झाले. इतकी शांतता मी आलापल्लीच्या सागवानात ऐकली होती, मॉलमध्ये पहिल्यांदाच ऐकली. मॅडमनं मागं वळून विचारलं, "काय झालं? बंद का पडली?"

सर काही बोलण्याआधी मीच बोललो. "काही नाई मॅडम, शर्यतीच्या दिवशी आमी उपाशी ठेवतो."

सर खाली बसले. जी खुर्ची जवळ होती तिच्यावर बसले, अन् ती अजून चालूच होती, म्हणून सर बराच वेळ गदगद हलत राह्यले अन् माह्याकडं पाहात राह्यले. मंग उठून त्याईनं एक बटन दाबलं. फैजनं जाण्याआधी सगळ्या पट्ट्या जिथल्या तिथी बसवणारं एक बटन करून ठेवलं होतं. (त्याच्यावर चिठ्ठीही लावली होती मामी, माह्याच नावाची. मी ती स्टेअरिंग पुसताना काढून टाकली, चिकटपणा राहते म्हणून.) पाहुण्याईले कोल्ड कॉफी पाजली, शर्यत पुन्हा झाली, मॅडम जिंकल्या, सगळे खूश होऊन गेले. जाता जाता चष्मेवाल्यानं मले विचारलं की पहिला सेटअप कोणत्या देशातला होता. मी म्हटलं, पोंभुर्णा.

फैजले कोणीतरी फोन लावून दिला. मागं लग्नाचा बँड वाजून राह्यला होता. पेट्रोलचं ऐकलं, पंखाचं ऐकलं (तो वळणात गाडीले खाली दाबून धराले असते म्हणे, मामी), जुवाचं ऐकून तो जरा वेळ हसला, मंग ब्रेकवर आला. "अबे, ब्रेक काऊन काढला?"

"पुढं कोणी धरत नाई का?"

बँड वाजत राह्यला. मंग फैज म्हणाला, "इथी तुले धरणारा कोण उभा आहे बे? तुहा मामा?" अन् जेवाचं बोलावणं आलं म्हणून त्यानं फोन ठेवला.

(मामी, तो गमतीनंच म्हणाला. माणूस वाईट नाई. पण त्यानंतर मी खुर्च्या दोन वेळा पुसल्या, एकदा पुसलेल्या होत्या तरी.)

सर मात्र मोठ्या मनाचे. मले काढलं नाई. दुकान बंद कराच्या आधी स्वतः बाजूले उभे राहून म्हणाले, बस, आज तुला थांबायला शिकवतो. ब्रेक वळणात लावाचा नसते, वळणाच्या आधी लावाचा असते, एकदम नाई, दाबून मंग सोडत सोडत. हे मले वीस वर्षांत कोणी सांगतलं नव्हतं. तेव्हापासून मी रोज सराव करून राह्यलो, अन् आता मले असा ब्रेक लावता येते की सर म्हणतात, पवन, थोडं पुढेही जा. (रिक्षात मागं बसलो तरी पाय दाबतो मामी. रिक्षावाला विचारते, दादा, पायाले काही झालं का.) सांगाचं इतकंच मामा, की तुमचा भाचा आता पह्यलेसारखा राह्यला नाई. पुण्यानं मले एक गोष्ट शिकवली, की आपण सुटलो तर आपणच थांबाचं, पलीकडं कोणी उभं आहे का हे पाहात बसाचं नाई. इतकं शिकलेल्या माणसानं आता छकड्यावर उभं राहणं बरं दिसत नाई. म्हणून पुन्हा सांगतो, कासरा लोकेशले द्या. मले काहीच वाटत नाई. दोन वेळा लिहिलं म्हणजे खरंच वाटत नाई.

गुडघ्याले मोहाचं तेल कोमट करून लावा, थंडं लावू नका. कोश्याले माही आठवण सांगा. पाखऱ्याले सांगतली नाई तरी चालन, त्याचं लक्ष नसते.

तुमचा भाचा,
पवन (तांत्रिक विभाग)

ता. क. लोकेशबद्दल माह्या मनात काही नाई, पण दिवाळीचे फोटो त्यानं टाकले होते ते पाह्यले. पोट्टा चांगलाच भरला आहे. मागं वजन पडलं की छकडा उलार होते, धुरा वर उचलते, अन् जू बैलाच्या गळ्याले लागते, हे मी तुमाले सांगणं म्हणजे काहीचं काही झालं. तरी त्याले एकदा छकड्यावर उभं करून धुरेकडं नजर टाका. सहज.

आणखी एक. (मामी, कोश्याच्या जुवाची ती हिरव्या लुगड्याची चिंधी तुह्या पेटीत ठेवून दे, कुलूप लाव. लोकेशनं मागितली तर उंदरानं नेली म्हण. तो नायलॉनची दोरी बांधीन अन् कोश्याच्या मानेची साल काढीन. मामाले सांगू नको. सांगतलं तर मी सांगतलं असं सांगू नको.)

आणखी. सरले मी सहज सुट्टी विचारून पाह्यली, संक्रांतीनंतरची. त्याईनं इतक्या लवकर हो म्हटलं की मले जरा अपमान वाटला. म्हणाले, शंकरपट म्हणजे सरळच ना, वळण नाही ना, मग जा. बल्लारशाच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं आहे. खरं सांगाचं तर ते तुमचा निरोप येण्याच्या आधीच काढलं होतं. फैज म्हणाला, टपालाचं काही खरं नाई, तूच पत्राच्या आधी पोचशील. तसं झालं तर मामी, पत्र आलं की वाचू नको, चुलीत टाक.

शेवटचं. मामी, हे कंसात नाई. हे मोठ्यानं वाच, टाकीजवळ जाऊन वाचलं तरी चालन. मामा, कासरा लोकेशले देऊ नका. त्याले रेषेच्या पलीकडं उभं करा, तो जड आहे, बैल त्याले पाहूनच मंदावतील. पण त्याच्या बाजूले खुर्ची टाकून तुमी बसा. गुडघा लांब करून बसा, उठू नका, फक्त दोन्ही हात पसरून ठेवा, पह्यले ठेवत होते तसे. वर ब्रेकचं जे लिहिलं ते खरं आहे, पण ते गाडीचं आहे. छकड्यावरून थांबाची दुसरी रीत मले अजून येत नाई.